सरदारीण पान्हा सोडेना

सरदारिणीनं लाथ झाडली तेव्हा माझ्या अंगावर बायकोचं हिरवं लुगडं होतं, डोक्यावर पदर होता आणि मनगटात कशाबशा चढवलेल्या चार बांगड्या होत्या. धारेची कासंडी उडून गव्हाणीत पडली आणि मी मागच्या मागं शेणात. मिशा तेवढ्या कोरड्या राहिल्या.

गोठ्याच्या दारातून तातोबा वाकून बघत होता. हा आमचा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. लुगडं नेसायची अक्कल त्यानंच शिकवली होती.

"वैनी, लई लागलं न्हाई न्हवं?" तो म्हणाला.

"तुझ्या वैनीच्या तर..." एवढं म्हणून मी जीभ चावली, कारण तातोबाच्या मागं खरी वैनी उभी होती. माझी हौसा. तिनं मला पदरापासून पायापर्यंत बघितलं, तोंडाला हात लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतीय. उठून जवळ जाऊन बघतो तर हसत होती. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या हसण्यापायी आणखी चार लाथा खाल्ल्या असत्या.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. आमचं गाव आजऱ्याकडच्या डोंगराच्या कडेला. सकाळी सहाला एक एस.टी. तालुक्याला जायची, संध्याकाळी तीच माघारी यायची. ती चुकली की आपला आणि जगाचा संबंध दुसऱ्या दिवशी. पोरगी लग्न होऊन सासरी गेलेली, पोरगा पुण्याला कारखान्यात. घरात माणसं तीन. मी, हौसा आणि सरदारीण. सरदारीण म्हणजे आमची म्हैस. नाव तिच्या वागण्यावरून पडलेलं. पाणी पाजायला नेली तरी वरातीत निघाल्यासारखी चालायची, आणि धार द्यायची ती फक्त हौसाला. मी नुसता गोठ्यात डोकावलो तरी कान मागं टाकायची.

तर त्या साली फेब्रुवारीत लोबो सिस्टर गावात आली. आमच्या सहा वाड्यांची नर्स ती. जुन्या लुनावरून डोंगर चढायची आणि पोलिओचा डोस चुकवणाऱ्या बायकांना उसाच्या फडातून हुडकून काढायची. त्या दिवशी शाळेत बायकांचं ब्लडप्रेशर तपासत होती. हौसाचं तपासून झालं. उठली, दारापर्यंत गेली, आणि चप्पल घालता घालता मागं वळून म्हणाली, "सिस्टर, एक गाठ हाय. दुखत न्हाई पण."

दिवाळीपासून होती. डाव्या बाजूला, छातीत. मला सांगितलं नव्हतं, पोरीलाही नाही. हळदीचा लेप लावायची आणि वर चोळी घट्ट बांधायची. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तिचं म्हणणं. तिला काय नावं ठेवू, आमच्याकडं सगळ्यांचंच तसं. दुखल्याशिवाय दवाखान्याचं नाव काढायचं नाही, आणि दुखलं तरी आधी पेरणी उरकायची.

संध्याकाळी सिस्टर घरी आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "केरबादादा, हे थांबण्यातलं नाही. उद्या सहाच्या गाडीनं तालुक्याला जायचं."

गेलो. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले, पण ते बाप्ये. हौसानं पदर घट्ट धरला आणि खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी खांद्याला चोळायचं मलम दिलं. मी शहाणा, आठ दिवस ते मलम तिच्या खांद्याला इमानदारीनं चोळत बसलो. सिस्टरला कळलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला. "दादा, तुम्हाला तरी गाठ कुठं आहे ते माहीत होतं ना?" मी म्हणालो, "मला वाटलं, तिथनंच उतरत असंल औषध." तिसऱ्या खेपेला सिस्टर स्वतः बरोबर आली. सुई घालून तपासायची सोय तिथं नव्हती, म्हणून मग शहर. शहराला दोन गाड्या बदलून जायचं. एकदा सुईसाठी, एकदा रिपोर्टसाठी. रिपोर्ट तयार नव्हता म्हणून आणखी एकदा. असं करता करता एप्रिल उजाडला.

शहरातली डॉक्टरीण माझ्या पोरीहून थोडीच मोठी होती. खुर्ची ओढून हौसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि सरळ सांगितलं. "मावशी, कॅन्सर आहे. पण तुम्ही वेळेत आलात, अजून पसरलेला नाही. ऑपरेशन करून ती बाजू पूर्ण काढायची, मग इंजेक्शनं, मग लाईट, म्हणजे किरणांचे शेक. तुम्ही चांगल्या बऱ्या व्हाल. खर्चाचे कागद सिस्टरनी केलेत. फक्त आता आणखी उशीर नको. बरोबर पंधरवड्यानं सोमवारी येऊन दाखल व्हा. ती तारीख चुकवली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"काढा, बाईसाहेब," मी म्हणालो. "काय काढायचं ते काढा, बाई माझी वाचवा."

हौसा खाली मान घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

माघारी गाडीत बसलो. घाट चढून झाला, गार वारा लागला, तेव्हा हौसा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी येणार न्हाई."

"कुठं?"

"दाखल व्हायला. दहा दिवस ठेवणार म्हणतात. सरदारिणीची धार कोण काढणार?"

आता तुम्ही म्हणाल, काय ही बाई, मरणाच्या दारात म्हशीचं घेऊन बसली. पण खरं सांगतो, मला ते शंभर टक्के पटलं. सात महिन्यांपूर्वी व्यालेली म्हैस, दोन्ही वेळची भरली कासंडी देणारी. दोन दिवस धार काढली नाही तर कास दगडासारखी होते, म्हशीला ताप भरतो, सगळा सत्यानाश. मी म्हणालो, "मग इकून टाकू की. उद्या बाजार हाय." तर हौसाचं तोंड असं काही झालं की पुढं सबंध रस्ता मी बाजाराचं नाव काढलं नाही.

पोरीला निरोप धाडला. बायकांच्या वॉर्डात बाईच लागते, म्हणून दवाखान्यात ती राहणार, आणि मी घरी राहून म्हैस सांभाळणार असं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. सरदारिणीला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पेंड घेऊन गेलो. तिनं पेंड खाल्ली आणि मला ढकललं. दुसऱ्या दिवशी तातोबाच्या बायकोला बसवलं, तर तिला चूळ भरण्यापुरतं दूध दिलं आणि पाय उचलला. रेडकू सोडून बघितलं. रेडकू पिऊन तट्ट झालं, आम्ही कोरडेच. हौसा प्रत्येक वेळी दारात उभी राहून बघायची, आणि आमची फजिती झाली की आत येऊन बसायची, आम्हाला बाहेर घालवायची आणि भरली कासंडी घेऊन यायची. धार काढताना गोठ्यात कुणी थांबलेलं तिला कधीच चालायचं नाही.

मग तातोबा म्हणाला, "मर्दा, म्हस माणूस बघत न्हाई, लुगडं बघती. आमच्या आज्यानं चार महिने आजीचं लुगडं नेसून धार काढलीती." पुढं काय झालं ते सांगितलंच.

हौसाचं हसून झालं. डोळे पुसत ती म्हणाली, "लुगड्याला फसायला ती काय येडी हाय? ती माझ्या बोलण्यावर पान्हा सोडती. माझं बोलणं तुम्हाला कुठनं येणार?"

"काय बोलतीस ते सांग. पाठ करतो."

"ते काय सांगून येतंय व्हय," म्हणाली, कासंडी घेतली आणि आम्हाला बाहेर काढलं.

डेअरीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. दूध मापणारा मोठ्या अदबीनं म्हणाला, "या केरबाकाकू, बसा." म्हणालो, हसा लेको. माझी बायको सोमवारी गाडीत बसली की तुम्हा सगळ्यांना लुगडी नेसून दाखवीन, एकेक रंगाची.

त्याच दुपारी लोबो सिस्टर आली. शुक्रवार होता. "दादा, सोमवारी सहाची गाडी. मी फाट्यावर चढते. वहिनींची तयारी आहे ना?"

मी तिला लुगड्याची सगळी हकीकत सांगितली. ती लुनाचं हँडल धरून हसली, हसली, आणि मग एकदम थांबली. "दादा, कारण म्हशीचंच आहे ना?"

"मग आनि कसलं?"

"वहिनींना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? तिनंच सांगितलंय."

सिस्टरनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं, शिका धार काढायला," एवढं म्हणाली आणि गेली.

शिकायचं तर बोलणं शिकायला हवं, हे मला पटलं होतं. आमच्या गोठ्याला लागून वैरणीची खोप होती, मधे नुसता काटक्यांचा कूड. संध्याकाळी हौसा चूल पेटवत होती तोवर मी पोराची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन कडब्यामागं जाऊन बसलो. ती म्हशीला काय बोलते ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं, रात्रीतून पाठ करायचं आणि सकाळी सरदारिणीला ऐकवायचं, असा बेत. मी सातवी पास आहे, एवढं जमण्यासारखं होतं.

हौसा आली. कासेवर पाणी मारल्याचा आवाज आला.

"आलो गं माझी बाय. पाय घे बाजूला. हां. शानी माझी."

मी लिहिलं, एक, आलो गं माझी बाय. दोन, पाय घे बाजूला.

"आज तातोबाच्या बायकोनं आमटी दिलीती. मीठच न्हाई. म्हणलं, बया, मीठ काय माहेराला धाडलंस व्हय."

तेही लिहिलं. तिसऱ्या ओळीला कंसात 'आमटी' असं.

"आनि आमच्या ह्यांचं रूप बघितलंस न्हवं सकाळी? नवरी नटली, मिशा इसरली." हसली. कासंडीत धारेचा आवाज सुरू झाला. चळक चळक. मी पुढं सरकून कान लावला.

"एक सांगू का गं," हौसा म्हणाली. आवाज खाली आला होता. "तू ह्यांना धार देऊ नको. लुगडं नेसू देत, न्हाईतर शालू नेसू देत. तू द्यायला लागलीस की माझं कारण संपलं."

माझी पेन्सिल थांबली.

"तुझ्याआधी ह्या दाव्याला पवळी होती. तुला ठाव न्हाई ती. सात वर्सं ह्या घराला दूध घातलं तिनं. मग सडात गाठ धरली, एक सड गेला, आनि आठव्या दिवशी ह्यांनी तिला बाजार दाखवला. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या, तिनावर काय दील ते दील. तर म्हणाले, तीन सडांची म्हस कोण दावणीला ठेवतंय? असं म्हणाले. हसतच म्हणाले."

धारेचा आवाज चालूच होता.

"आता हे काय मला बाजाराला न्यायचे न्हाईत, तेवढं कळतंय मला. खायला घालतील, औषध आणतील, सगळं करतील. मानूस गुणाचं हाय. पण बाई, मनातनं एकदा उतरलं की उतरलं. मग नुसतं दावणीला बांधल्यासारखं जगायचं. डॉक्टरीण म्हणाली काढायचं, तर हे लगेच म्हणाले, काढा. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. त्यापरीस हाय ते बरं हाय. हाय तवर आख्खी तर हाय मी."

मला रडू आलं. चाळीस पार केलेला बाप्या कडब्यात तोंड घालून रडलो, सांगायला लाज कशाची. त्यात कडब्याचं कूस नाकात गेलं आणि शिंक यायला लागली. नाक दाबून धरलं, डोळे बाहेर यायची वेळ आली. हौसा कासंडी घेऊन गेली तेव्हा एकदाची शिंकलो, तर सरदारिणीनं कुडापलीकडून माझ्याकडं असं बघितलं की बस. तिला सगळं माहीत होतं, मलाच नव्हतं.

पवळीचं मी बोललो होतो. शब्दाला शब्द खरं. म्हशीबद्दल सगळेच तसं बोलतात, मीही बोललो, आणि पाच मिनिटांत विसरलो. बायको चार वर्षं ते घेऊन बसली होती.

शनिवारी सकाळी पहिला विचार आला, पवळीला परत आणावी. उत्तूरच्या माणसाला विकली होती. आणायची, दावणीला बांधायची आणि हौसाला म्हणायचं, हे बघ. तावातावानं फाट्यापर्यंत चालत गेलो. तिथं दगडावर बसल्यावर डोक्यात उजेड पडला. अरे बैला, म्हणालो स्वतःला, पवळी आणून बांधलीस म्हणजे तू तिला काय सांगणार? तू म्हणत होतीस ते बरोबर, तू पवळीच, फक्त आता मी पवळी विकत नाही. उठलो आणि माघारी आलो.

मग सरळ बोलायचं? ते सोपं वाटतं तुम्हाला. चोवीस वर्षांच्या संसारात मी हौसाला 'जेवलीस का' याच्यापलीकडं मायेचा शब्द बोललो नव्हतो. बोललो असतो तर तिनं मला ताप आलाय का बघितलं असतं. वर चोरून ऐकल्याचं कबूल करायचं ते वेगळंच. सबंध शनिवार मी घरात नुसता फिरलो. हौसा म्हणाली, "काय हरवलंय तुमचं?" मी म्हणालो, "काय न्हाई." रविवार अर्धा तसाच गेला. रात्र उलटली की गाडी. हौसानं पिशवी भरली नव्हती.

दिवस कलायला मी हिरवं लुगडं पुन्हा काढलं.

"आता आनि काय?" हौसा म्हणाली.

"शेवटचं बघतो. तू चुलीपाशीच बस. मधे यायचं न्हाई."

यायचं नाही म्हटल्यावर ती येणार, हे मला ठाऊक होतं. गोठ्यात जाऊन बसलो, कासेवर पाणी मारलं, कासंडी गुडघ्यात धरली. थोड्या वेळानं कुडापलीकडं कडबा कुरकुरला. मी बसलो होतो त्याच जागी ती येऊन उभी होती.

"आलो गं माझी बाय," मी म्हणालो. "पाय घे बाजूला."

सरदारिणीनं कान मागं टाकले.

"बरं, नको घेऊस. ऐक नुसतं. तुझ्याआधी हितं पवळी होती. ती मी इकली. एक सड गेला म्हणून इकली. तीन सडांची म्हस कोण ठेवतंय, असं मीच म्हणालो. खोटं कशाला बोलू. म्हस मानूस दुधासाठी ठेवतो. तू दूध द्यायची थांबलीस तर तुलाबी इकीन, राग मानू नको."

तिनं शेपटी माझ्या तोंडावर मारली. मी पदरानं तोंड पुसलं.

"पण हौसाला काय मी दुधासाठी आणलीय? दोन पोरं झाली, पिऊन मोठी झाली, आपल्या वाटंनं गेली. त्या जाग्याचं काम झालं. बरं चाललंवतं तवर होतं, आता तिथं इख झालंय तर जाऊ दे तिकडं. मी डॉक्टरणीला लगेच काढा म्हणालो. तिच्याकडं बघितलं न्हाई ते भ्यालो म्हणून. हौसा गेली तर मी काय करू, एवढंच आलं डोक्यात. मला दुसरं काय सुचलंच न्हाई."

मी कासंडी गुडघ्यात पुन्हा नीट धरली.

"मला हौसाचं काय पाहिजे, सांगू तुला? तोंड पाहिजे. सकाळी उठल्या उठल्या शिव्या घालणारं. परवा ती हसली, तर मला वाटलं सगळं आलं. तिचा हात गेला तरी चालंल, मी भाकरी थापीन, वाकड्यातिकड्या. ती मनातनं उतरायची म्हणती. चोवीस वर्सं चढून बसलीय, आता उतरायची कुठनं? मी उतर म्हणलं तरी उतरत न्हाई." मी खाकरलो. "माझं बोलून झालं. आता तू धार दे, न्हाईतर दे लाथ."

सरदारिणीनं धारही दिली नाही आणि लाथही मारली नाही. उभी राहिली. मी सड धरून ओढत होतो, हात भरून आले, कासंडीत थेंब नाही.

कडबा पुन्हा वाजला. हौसा गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल, नाक लाल. मला बघून हसायची तिची आज तयारी नव्हती.

"वैरणीच्या खोपीत बसला होता तुम्ही," ती म्हणाली. "शुक्रवारी."

"व्हय."

"लाज न्हाई वाटली?"

"लई वाटली. म्हणून तर आलोय."

ती आत आली. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. "ओढू नका. सड ओढायचा नसतो, दाबायचा. अंगठा बाहेर घ्या. वरनं बोटं मिटत खाली या. हां. घाई करू नका." मग हात लांब करून तिनं सरदारिणीच्या पोटावरून फिरवला. आणि तिला म्हणाली, "दे गं बाई त्यांना. मी म्हणतीय, दे."

आता म्हशीला माणसाचं बोलणं कळतं का, ते मला विचारू नका. मी झालं ते सांगतोय. माझ्या मुठीत सड गरम झाला, भरला, आणि पहिली धार कासंडीत वाजली. मी हौसाकडं बघितलं. तिनं पदर डोळ्याला लावला होता.

"म्होरं बघा," ती म्हणाली. "सांडतंय."

अर्धी कासंडी झाली. राहिलेली अर्धी तिनं काढली. उठताना माझ्या खांद्याला धरून उठली आणि म्हणाली, "गाडी सहाला न्हवं? मग पिशवी माळ्यावरनं काढून द्या. आनि ते लुगडं आधी सोडा. मला उद्याला तेच पाहिजे."

सकाळी ती तेच लुगडं नेसून गाडीत बसली. फाट्यावर लोबो सिस्टर चढली, तालुक्याला पोरगी भेटली. मी धार काढून डेअरीला गेलो. कुणी केरबाकाकू म्हणालं नाही. दूध मापणाऱ्यानं माप घेतलं आणि नुसतं विचारलं, "गेली?" मी म्हणालो, "गेली." तातोबानं येताना माझं कॅन उचललं.

पुढं ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, लाईट झाली. वर्ष गेलं त्यात. केस गेले आणि पांढरे होऊन परत आले. आत्ता हे मी ओसरीवर बसून सांगतोय तर ती परसात कुणाला तरी फैलावर घेतीय, ऐकू येत असेल तुम्हाला. पण मला त्यातलं आठवतं ते दवाखान्यातल्या आठव्या दिवसाचं.

सकाळची धार उरकून मी सहाची गाडी धरली आणि दहा वाजता वॉर्डाच्या दाराशी पोचलो. आत बाप्यांना मनाई. पॅसेजमधल्या बाकावर बसलो, मांडीवर भाकरीचं फडकं. उघड्या दारातून हौसाच्या खाटेभोवती ओढलेला हिरवा पडदा दिसत होता. आतून नर्सचा आवाज येत होता, पोरीला सांगत होती की घरी गेल्यावर एक दिवसाआड पट्टी बदलायची, ती कशी बदलायची ते आज दाखवते, नीट लक्ष दे.

"तिला नको," हौसाचा आवाज आला. "ती सासरला जाणार. ह्यांना बोलवा."

"मावशी, पुरुषांना आत..."

"घरात हेच असत्यात. ह्यांनाच बोलवा."

नर्स बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काका, हात धुऊन या." मी साबण लावून कोपरापर्यंत तीनदा धुतले. पोरगी पडद्यातून बाहेर पडली, मी आत गेलो. हौसा उशीला टेकून बसली होती. वाळली होती, पण तोंडावर तेज होतं. नर्सनं जुनी पट्टी सोडायला हात पुढं केला तर हौसा म्हणाली, "थांबा, मीच सोडती." आणि तिनं पदर बाजूला केला, पट्टीचं टोक शोधलं आणि एकेक वेढा सोडवत आणला. शेवटचा वेढा सुटला तेव्हा तिनं मान खाली घातली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी वाकलो.

"नीट बघून घ्या," ती म्हणाली.